सहाव्या काचेवरचा डाग

१३ डिसेंबर १९३६, रविवार

लीला म्हणते, ही वही मी स्वतःची तारीफ करून घ्यायला ठेवली आहे. दुसरं कुणी करत नाही ना, म्हणून. म्हणू दे. आज गरम पाण्यात पाय सोडून लिहितो आहे आणि आज तारीफ करण्याजोगं काही केलेलं नाही.

आमच्या छायाचित्र मंडळाचे सभासद तीन. दीनानाथराव वकील अध्यक्ष, कारण मंडळ त्यांना सुचलं आणि दुर्बीण त्यांची. दत्तोबा स्टेशनवर तिकिटं देतो. त्याच्याकडे घड्याळ आहे आणि न विचारता वेळ सांगायची खोड आहे. तिसरा मी. लोणावळ्याच्या बाजारात माझा स्टुडिओ, कॅमेरा माझा, म्हणजे काम करणाराही मीच.

पुण्याला जानेवारीत मोठं प्रदर्शन आहे. त्यात निसर्गचित्रांचा एक विभाग, आणि अट अशी की काचेवर हाताचं काम केलेलं चालणार नाही. जसं टिपलं तसं. तशी सही द्यायची. दीनानाथरावांनी ठरवलं, आपण मोरठाणच्या तळ्यावरचे चक्रवाक पाठवायचे. हिमालयापलीकडून दर थंडीत येतात, भगव्या अंगाचे, फिकट डोक्याचे. आज मोजले, चोवीस. पण पाखरू कसलं, पोलिसापेक्षा सावध! बांधावर आमची डोकी दिसताच सगळे उडून पलीकडे.

शेवटी कोंडाजी भेटला. त्याचं खाचर तळ्याच्या बांधाला लागूनच आहे. तिशी-पस्तिशीचा, उंच, कमी बोलणारा. त्यानं करवंदीच्या जाळीला धरून कारवीच्या काटक्यांचा आडोसा उभा करून दिला. आत मी आणि कॅमेरा जेमतेम मावतो. भिंगापुरती फट ठेवली. पुढच्या रविवारी पहाटेच आत शिरून बसायचं.

मी त्याला बजावलं, "त्या दिवशी समोरच्या काठानं कुणी फिरकायला नको. सगळ्यांना सांग."

"समद्यांना सांगतो, अण्णा. पर मलाच जायचंय. जुवाची एक शिवळ मोडलीया. सुताराकडं न्यायचंय, त्यो ऐतवारीच घरी घावतो. वाट काठावरनंच हाय."

मी वैतागलो. शिवळ म्हणजे बैलाच्या मानेशी जुवात बसवायची खुंटी, तेवढ्यासाठी माझी पहाट! म्हटलं, "जा बाबा, पण वाटेत उजाडलं तर जिथं असशील तिथं खांबासारखा उभा राहा. मी इकडून पांढरा रुमाल हलवीन. रुमाल दिसेपर्यंत हलायचं नाही."

"न्हाई हालनार," तो म्हणाला. विडी पेटवण्याआधी त्यानं मला पुन्हा विचारलं, "पांढरा रुमाल न्हवं?" मी म्हटलं, पांढरा.

२० डिसेंबर, रविवार

मिळालं! काच अजून धुतलेली नाही, पण मला आतून ठाऊक आहे. वीस वर्षं या धंद्यात काढली, तेवढं कळतं.

पहाटे चारला निघालो. दीनानाथराव आणि दत्तोबा बांधामागे पडून राहिले, तिथून त्यांना तळं दिसत नव्हतं, म्हणून दोघेही कुरकुरत होते. मी आडोशात. बोटं इतकी गारठली की काचेचा डबा उघडताना दातांची मदत घ्यावी लागली. उजाडलं तसं पाण्यावरचं धुकं विरत गेलं. पाणी इतकं निवांत की झाडं वर तशीच खाली. चक्रवाक समोरच्या काठाशी, माना पंखात घालून. त्या काळ्या कापडाखाली काचेवर सगळं उलटं दिसतं, पाखरं आकाशात पाय करून. आम्हाला त्याची सवय असते.

पाच काचा मी वाया घालवल्या. पाखरं झोपलेली, म्हणजे नुसते दगड. सहावी काच बसवली आणि तेवढ्यात घाटाच्या तोंडाशी मुंबईच्या गाडीची शिट्टी झाली. चोवीसच्या चोवीस माना एकदम वर! मी बटण दाबलं. त्या क्षणी श्वाससुद्धा घेतला नाही.

बांधामागून दत्तोबाचा आवाज, "नऊ मिनिटं लेट! आठ चव्वेचाळीस!" त्याचा गळा धरावासा वाटला. पाखरं अर्थातच उडाली. पण आता उडेनात का.

मी माझ्या टिपणवहीत लिहिलं: सहावी काच, आठ चव्वेचाळीस, गाडीची शिट्टी. मग आम्ही तिघांनी शेंगा-गूळ खाल्ला, नाचायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि सामान बांधून सरळ लोणावळ्याची वाट धरली. जेवायला घरी.

लीलानं धुवायला सदरा घेतला तर खिशात पांढरा रुमाल, इस्त्रीची घडी जशीच्या तशी. म्हणाली, "एवढ्या थंडीत नाकसुद्धा पुसलं नाहीत?" मी म्हटलं, आज नाक पुसायला वेळ कुणाला होता.

२२ डिसेंबर, मंगळवार

सहावी काच अशी आली आहे की बघतच बसलो. बाकीच्या पाच बघितल्यासुद्धा नाहीत, पुन्हा वापरायला धुऊन कोऱ्या केल्या. घाईनं उन्हात एक कच्ची प्रत छापून पाहिली. छाप पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्यात घातली नाही, नुसती बघण्यापुरती.

दुपारी कोंडाजी बाजारात गवत घेऊन आला होता, तो डोकावला. खोकत होता. आडोशाच्या मोबदल्यात फोटो कबूल केला होता, म्हणून ती कच्ची प्रतच त्याला देऊन टाकली. चांगला कागद महाग पडतो. बराच वेळ बघत राहिला, मग एका कोपऱ्यावर बोट ठेवून हसला आणि मला काहीतरी दाखवू लागला. तेवढ्यात एक लग्नाचं गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, "हो हो, छान आलंय, घेऊन जा."

२३ डिसेंबर, बुधवार

सहाव्या काचेच्या छापात पलीकडच्या काठाशी, झुडपांच्या काळोखात एक पांढरट डाग येतो आहे. गव्हाच्या दाण्याएवढा. धुताना पडला असावा. नजर पाखरांवरून सारखी तिकडे जाते. काचेवरून चाकूनं हलकेच खरवडून काढला. अर्धा तास लागला. आता तिथे नुसती झुडपं. माझ्या हाताला पुण्यात तोड नाही हे मी लिहीत नाही, कारण लीला वाचते.

त्याच्याखाली पाण्यात एक उभी चमक आहे, तिला आडवी रेघ. वाळकी फांदी असेल. ती राहू दिली, पाण्याला जिवंतपणा येतो.

अटीची सही? डाग काढणं म्हणजे हाताचं काम नव्हे. आरशावरची धूळ पुसतो तसंच.

२८ डिसेंबर, सोमवार

मोठी प्रत पुण्याला रवाना. सही केली.

३ जानेवारी १९३७, रविवार

वाईट बातमी. कोंडाजीला काल पोलिसांनी वडगावला नेलं.

आम्ही तळ्यावर होतो त्याच सकाळी इनामदारांच्या रानात राखणदार रखमाजीच्या डोक्यात कुणीतरी मागून कोयत्याची मूठ घातली. संध्याकाळी सापडला. दहा-बारा दिवस बेशुद्ध होता, आता बोलू लागला आहे. मारणारा त्यानं पाहिला नाही, पण नाव कोंडाजीचं घेतो. आठवड्यापूर्वीच गवतावरून दोघांची जुंपली होती. वेळ मात्र पक्की सांगतो. म्हणतो, मुंबईच्या गाडीची शिट्टी झाली, मी तिकडे कान दिला आणि तेवढ्यात घाव बसला.

ते रान तळ्यापासून चांगलं कोसभर.

दत्तोबानं ही हकिगत स्टेशनवर ऐकून मला सांगितली. वर म्हणाला, "गाडीच्या शिट्टीला तर आपण तळ्यावर होतो." मी म्हटलं, आपण होतो, कोंडाजी कुठं होता कुणास ठाऊक. हे वाक्य तोंडातून गेलं आणि जेवण गोड लागलं नाही.

५ जानेवारी, मंगळवार

दीनानाथरावांनी कोंडाजीचं वकीलपत्र घेतलं आहे. आज संध्याकाळी वडगावहून उतरले ते थेट दुकानात, टोपीसुद्धा काढली नाही.

"गंगाधर, सुटला आपला कोंडाजी! अरे, तो म्हणतो शिट्टी झाली तेव्हा मी समोरच्या काठावर उभा होतो, खांद्यावर जू घेऊन. सुतार लग्नाला गेलेला, त्यामुळे तिथं साक्षीदार नाही. जू दाराशी टाकून आला म्हणतो. पोलीस म्हणतात, ते कधीही टाकलं असेल. पण तो म्हणतो, मी अण्णांच्या फोटोत आहे! अण्णांनी दिलेल्या कागदावर मी मला पाहिलंय! काच काढ बघू."

मी म्हटलं, काच पुण्याला आहे.

"पुण्याला? प्रत पाठवली होतीस ना?"

मी म्हटलं, काचही मागवली त्यांनी, तपासायला.

काच माझ्या टेबलाच्या खणात होती. माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर. ते म्हणाले, "मग तार कर. अठरा तारखेला सुनावणी आहे. दोन वर्षांची सक्तमजुरी होईल त्याला, थट्टा नाही." मी मान हलवली. ते गेल्यावर मी खणाला कुलूप लावलं. कशासाठी लावलं, मलाच कळलं नाही.

८ जानेवारी, शुक्रवार

ती कच्ची प्रत! तीन दिवस डोक्यात कसं आलं नाही? ती मी चाकू लावण्याआधी काढली होती. त्यात तो असणार. दुकान बंद करून मोरठाणला गेलो, जवळजवळ पळतच.

कोंडाजीची बायको रतनबाई घरी होती. मी कागदाचं विचारताच तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "हाय की. द्येवाजवळ लावलाय. धनी रोज दावायचं येनाऱ्या-जानाऱ्याला, ह्यो बग मी, म्हनून. पर त्यो आता काळा पडलाय, अण्णा. आमी म्हनलं, धुरानं."

देवाच्या कोनाड्यात, दारातून ऊन येतं तिथेच तो चिकटवला होता. काळा म्हणजे कसा, पिकल्या जांभळासारखा. पाखरं नाहीत, पाणी नाही, काही नाही.

धुरानं नव्हे. हायपोत न घातलेला कागद उजेडात काळा पडतोच. दिवसभर उजेड, पंधरवड्यात खलास. हे मला माहीत नव्हतं? वीस वर्षं धंदा करतो. एक बशीभर हायपो वाचवला मी.

ती म्हणाली, "चालंल का कोरटात?" मी म्हटलं, बघतो. तिनं गूळ आणि पाणी पुढे ठेवलं. मी गूळ तसाच ठेवला. निघताना तिनं आणखी एक सांगितलं. त्या दिवशी कोंडाजी ऊन चढल्यावर घरी आला, गुडघ्याखाली निळा पडलेला. पाण्यातून वाट होती, पाण्यातच उभा राहिला होता. "म्हनला, अण्णांनी रुमाल हालवलाच न्हाई. लय येळ वाट बगितली, मग बांधावर कुनी दिसंना तवा निगालो. मंग ताप आला दोन दीस."

येताना वाटेत दोनदा बसलो.

१० जानेवारी, रविवार

पुण्याहून तार. पहिलं पारितोषिक. रौप्यपदक. परीक्षकांचा शेरा दत्तोबानं बाजारात उभं राहून मोठ्यानं वाचला: "मनुष्याचा स्पर्श नसलेली निःस्तब्धता या चित्रात आहे."

लोक पेढे मागायला आले. लीलानं वाटले. मी हसत होतो, असं लीला म्हणते.

११ जानेवारी, सोमवार

आज दिवसभर दुकानाचं दार लावून एकच उद्योग केला. मोठ्या प्रतीवर, जिथे झुडपं आहेत तिथे, बारीक कुंचल्यानं माणूस काढला. पांढरी बंडी, पागोटं, खांद्यावर आडवं जू. सुरेख जमला. कोंडाजीपेक्षाही कोंडाजी. त्याची पुन्हा काच घेतली, प्रत छापली, तर कुणाच्या बापाला कळणार नाही.

आणि तो तिथे होताच ना? मी खोटं काय सांगतोय? जे होतं तेच परत ठेवतोय.

मग मी या वहीतलं तेवीस डिसेंबरचं पान काढून वाचलं.

डाग नव्हता. भिंग लावून पाहिलं होतं मी. माणूस होता. उंच, खांद्यावर जू, कोंडाजी. तोंडसुद्धा इकडेच, माझ्या रुमालाकडे. मी पाहिला, ओळखला, आणि म्हटलं, छे, चित्र बिघडतंय. मग चाकू घेतला आणि इथे डाग म्हणून लिहिलं. ही वही दुसरं कुणी वाचत नाही, लीलाही वाचत नाही, मी उगाच म्हणतो. तरी लिहिलं. स्वतःलाच फसवण्यासाठी एवढं सुवाच्य अक्षर!

काढलेला माणूस फाडून शेगडीत टाकला. पण पुढे काय, ते सुचत नाही. मी नुसतं तोंडानं सांगितलं, की होता आणि मी पुसला, तर कोण विश्वास ठेवेल? आणि पदक? आणि दुकान? शाळेचे, लग्नाचे फोटो माझ्याकडे येतात ते माझ्या नावावर. भीती वाटते. सरळ लिहितो, भीती वाटते.

१२ जानेवारी, मंगळवार

रतनबाई दुकानात आली. वडगावला नवऱ्याला भाकरी द्यायला निघाली होती, गाडीला वेळ होता. टेबलावर माझ्यासमोर मोठी प्रत पसरलेली, ती टेबलाच्या पलीकडे उभी. मी ठरवलं होतं, हिला तरी खरं सांगायचं. सुरुवात केली, "बाई, त्यात कोंडाजी आता नाही. मी..."

ती ऐकतच नव्हती. वाकून चित्राकडे बघत होती, तिच्या बाजूनं.

"न्हाई कसं? ह्यो काय!"

मला वाटलं, आशेनं भ्रमिष्ट झाली. तिचं बोट पाण्यावर होतं, त्या उभ्या चमकेवर.

"ह्यो हुबा हाय की. आन् ह्ये आमचं जू. ह्ये बगा, एक, दोन, तीन. तीनच शिवळा. चवथी मोडली व्हती, तीच तर बशिवायला गेल्तं."

मी टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

पाण्यात कोंडाजी उभा होता. तिकडून पाहिलं की सरळ. पागोटं, बंडी, उन्हापावसानं पांढरं पडलेलं जू, त्याच्या खाली तीन बारीक दाते आणि चौथ्याची नुसती खूण. काठावरचा माणूस मी खरवडून काढला आणि पाण्यातला तसाच ठेवला. जन्मभर काचेवर उलटं बघण्यात गेला आणि एक उलटा माणूस मला दिसला नाही. परीक्षकांनाही दिसला नाही, दीनानाथरावांनाही नाही. तिला दिसला, कारण ती त्यालाच शोधत होती.

"मंग वरचा कुटं गेला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं. तिनं भाकरीचं फडकं उचललं, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "कोरटात ह्येच सांगा. मला सांगून काय उपेग." मग गाडीला गेली.

संध्याकाळी दीनानाथरावांकडे जाऊन काच त्यांच्या हातात दिली. पुण्याला नव्हतीच, हेही सांगितलं. त्यांनी काच उजेडाला धरून खालीवर फिरवली. शेवटी म्हणाले, "मंडळाचं नाव गेलं, गंगाधर." मग म्हणाले, "अठरा तारखेला साडेनऊला वडगावात हजर राहा. कोट घालून."

१८ जानेवारी, सोमवार. वडगाव

कोर्टाबाहेरच्या बाकावर वही मांडीवर घेऊन लिहितो आहे, अक्षर वाकडं येतं. पण आजच लिहिलं पाहिजे. उद्यापर्यंत मी ते सुधारीन.

आधी दत्तोबाची साक्ष. शिट्टी, नऊ मिनिटं लेट, आठ चव्वेचाळीस. स्टेशनच्या नोंदीचा उतारा त्यानं आणला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी वेळ विचारली. मग सुतार. म्हणाला, जू दाराशी मिळालं तेव्हा तीन शिवळा होत्या, चौथी मी बसवली. जू कोर्टात होतंच, रतनबाईनं डोक्यावरून आणलेलं. चौथी शिवळ नवी, पिवळी.

मग मी. टिपणवही दाखवली. सगळ्या पाखरांच्या माना वर का आहेत ते सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी प्रत उलटी धरली, भिंग लावलं, बोटानं शिवळा मोजल्या. मग काच मागितली आणि खिडकीशी नेऊन उन्हात तिरपी केली. खरवडलेली जागा काचेवर वेगळी चमकते. गव्हाच्या दाण्याएवढी, पण खांदे रुंद आणि पाय दोन.

"इथं काय होतं?"

"हा आरोपी होता, साहेब."

"कुणी काढला?"

"मी."

"का?"

वीस उत्तरं पाठ करून गेलो होतो. म्हटलं, "चित्र बिघडत होतं."

कोर्टात कुणीतरी हसलं. सरकारी वकील उठले. बारीक डोळ्यांचे, शांत गृहस्थ. म्हणाले, "आपण प्रदर्शनाला लिहून दिलंत की काचेला हात लावला नाही. ते खोटं?"

"खोटं."

"दीनानाथरावांना सांगितलंत, काच पुण्याला आहे. तेही?"

"तेही."

"जो माणूस चित्रातून माणूस काढू शकतो, तो घालूही शकतो. हे प्रतिबिंब आपणच घातलं नाही कशावरून?"

दीनानाथराव अर्धे उठले, पण मला उत्तर द्यायचं होतं. "घालून पाहिला होता, साहेब. प्रतीवर. चांगला जमला, म्हणून जाळला. हा पाण्यातला मी घातला असता तर वरचाही ठेवला असता. हा राहिला, कारण मला दिसलाच नाही."

"एवढे कारागीर, आणि दिसला नाही?"

"नाही."

हे "नाही" म्हणताना जेवढी लाज वाटली तेवढी "खोटं" म्हणतानाही वाटली नव्हती. असा मी माणूस आहे.

रखमाजीला पुन्हा विचारलं, तेव्हा डोक्याचं फडकं चाचपत तो म्हणाला, मी पाहिला न्हाई, मला वाटलं. तीन वाजता कोंडाजीला सोडलं.

बाहेर पिंपळाखाली तो रतनबाईजवळ उभा होता. सोळा दिवसांत गाल आत गेले आहेत. मी समोर गेलो. म्हटलं, "कोंडाजी, चुकलं माझं."

त्यानं जुवाच्या नव्या शिवळेवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "मला पुसल्यावर ब्येस दिसलं का चित्र?"

खरं बोलायची सवय आजच लागली होती. म्हटलं, "हो. बेस दिसलं."

त्यानं मान हलवली, एखाद्या सौद्याचा भाव कळल्यासारखी. जू खांद्यावर घेतलं आणि दोघं स्टेशनकडे निघाली.

२१ जानेवारी, गुरुवार

पदक परत पाठवलं. मंडळानं मला काढलं नाही, पण दीनानाथरावांनी सभा बोलावलेली नाही. शाळेचं वार्षिक फोटोचं काम दुसरीकडे गेलं. लीला म्हणाली, "पेढे मात्र परत मागता येणार नाहीत." त्यानंतर तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं, जे ती एरवी करत नाही.

२४ जानेवारी, रविवार

कॅमेरा न घेता मोरठाणला गेलो. कोंडाजीसाठी कागद घेतला होता. आहे तसाच, वरती झुडपं आणि पाण्यात तो; दोनदा हायपोत घातलेला, चार पाण्यांत धुतलेला. पन्नास वर्षं काळा पडणार नाही. घेईल की नाही, माहीत नव्हतं.

बांधावर चढलो तेव्हा धुकं निघत होतं. चक्रवाक होते अजून, सोळा-सतरा. आणि पलीकडच्या काठानं कोंडाजी येत होता, खांद्यावर जू. सुताराकडून नसेल, कुणाच्या तरी शेतावरून. त्यानं मान वर केली, मला पाहिलं आणि जिथे होता तिथे थांबला. पाण्यात, पोटरीपर्यंत.

माझ्याकडे कॅमेरा नाही हे त्याला एवढ्या लांबून दिसत नसावं. की दिसत होतं? तो हलला नाही. खांबासारखा उभा. खाली पाण्यात दुसरा. पाखरं माना पंखात घालून झोपलेली, ऊन नुकतंच झुडपांवर आलेलं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, असा देखावा पुन्हा मिळत नाही.

मी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली आणि हात उंच करून हलवला. जोरात, पुन्हा पुन्हा.

सगळी पाखरं ओरडत उठली. पाणी फुटलं आणि त्यातला माणूसही. वरचा चालू लागला.